कंदीलपुष्प नवे कधी ठरते?

विशाळगडावरच्या एका कंदीलपुष्पाला २०२३ मध्ये ‘सेरोपेजिया शिवरायीना’ हे शास्त्रीय नाव मिळाले. छत्रपती शिवरायांचे नाव असल्याने बातमी सर्वदूर पोहोचली. मात्र रोप गडावर दिसले त्या दिवशी शोध पूर्ण झाला, असे समजणे चूक आहे. ते दुसऱ्या कोणत्याही ज्ञात जातीत बसत नाही, हे सिद्ध करणे हाच खरा शोध. कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पतींत हे काम फार अवघड असते. वर्षातले बरेचसे महिने ही वनस्पती कंदाच्या रूपाने जमिनीखाली असते. पावसाळ्यात कोंब फुटतो, थोडे दिवस फुले येतात आणि पाऊस सरला की वरचा भाग वाळून जातो. नुसत्या पानांवरून कंदीलपुष्पांच्या जाती ओळखता येत नाहीत, निर्णय फुलावर होतो. या फुलाची लांब नळी म्हणजे चिमुकल्या माश्यांचा सापळाच. आतल्या केसांमुळे माशी अडकते आणि केस सुकले की परागपुंज घेऊन बाहेर पडते. अशा फुलाचा आकार कागदात दाबून वाळवल्यावर बिघडतो, म्हणून काही फुले द्रावणात जपावी लागतात. मग जुन्या नमुन्यांशी तुलना, चित्रे, मोजमापे, आणि शेवटी एक नमुना ‘टाइप’, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून हर्बेरियममध्ये (वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात) कायमचा ठेवायचा. उद्या कोणाला शंका आली, तर त्याने तो उघडून तपासावा.

गावकऱ्यांना कंदीलपुष्प ‘खर्पुडी’ या नावाने पूर्वीपासून ठाऊक आहे, मग यात नवे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. खर्पुडीचा कंद लोक खात आले आहेत आणि ते ज्ञान मोलाचे आहे. पण त्या एका नावाखाली अनेक जाती येतात. त्यांतली एखादी मोजक्याच कड्यांवर उगवत असेल, तर कंद खणला की रोपच गेले. वेगळे नाव नसेल, तर तिची वेगळी मोजदादही होत नाही आणि ती दुर्मीळ असल्याचे कोणाला कळत नाही. नाव जाहीर झाले की हौशी संग्राहक तिथवर पोहोचतात, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. त्यावर उपाय नाव दडवण्याचा नाही. नेमकी जागा जाहीर न करणे आणि उद्यानांत रोपे वाढवणे, हा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतली कंदीलपुष्पे जोपासली गेली आहेत. पावसाळ्यात गडावर असे फूल दिसले, तर फोटो जरूर काढा. कंद मात्र मातीतच राहू द्या.