एका अक्षराचा घोळ

देवनागरीत लिहिले तर अवघे एक अक्षर! पण इंग्रजीतल्या ‘मे’ या सहायक क्रियापदाने आपल्या संसदेत एकदा केवढा वाद माजवला होता!

शाळेत आपण घोकतो: ‘कॅन’ म्हणजे शकणे, आणि ‘मे’ म्हणजेही शकणे. सारा घोळ इथेच आहे. ‘ही कॅन स्विम’ म्हणजे त्याला पोहता येते; त्याच्या अंगी ते बळ आहे. ‘मे’चा असा बळाशी संबंध नाही. ‘यू मे गो’ म्हणजे तुला जायची मुभा आहे; जा किंवा बस, मर्जी तुझी. ‘इट मे रेन’ म्हणजे पाऊस कदाचित येईल, कदाचित येणारही नाही. सक्ती दोन्हींकडे नाही. कायद्यात सक्ती हवी असेल, तर ‘शॅल’ लागते.

आता तो वाद पाहा. राज्यघटनेने हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरवले आणि इंग्रजीला १९५० पासून पंधरा वर्षांची मुदत दिली. ती संपत आली, तेव्हा १९६३ मध्ये राजभाषा कायदा झाला. मुदतीनंतरही हिंदीच्या जोडीला इंग्रजी वापरता येईल, असे त्यात म्हटले. शब्द मात्र योजला ‘मे’. मद्रासकडील द्रमुक पक्षाने हट्ट धरला, की ‘मे’ काढा, ‘शॅल’ घाला. पंडित नेहरूंनी समजूत घातली, की इथे दोन्हींचा अर्थ एकच. मग ‘शॅल’च का लिहीत नाही, असा उलट सवाल आला. बिनतोड सवाल! मुभा देणारा उद्या ती काढूनही घेईल.

१९६४ मध्ये नेहरू गेले. आश्वासन देणारा गेला, कायद्यातला ‘मे’ मात्र राहिला. जानेवारी १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन भडकले. माणसे प्राणांस मुकली. अखेर १९६७ च्या दुरुस्तीने ठरले, की हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांशी केंद्राने इंग्रजीत व्यवहार केलाच पाहिजे. तिथे शब्द पडला ‘शॅल’!

संदर्भ पाहून न्यायालये कधीकधी ‘मे’चा अर्थ ‘शॅल’ असा लावतात, हे खरे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा वाचकहो, एखाद्या करारात ‘कंपनी मे पे’ असे दिसले, तर सहीची लेखणी जरा थांबवा. पैसे मिळतीलही, पण ते मागण्याचा हक्क हवा असेल, तर तिथे ‘शॅल पे’ लिहून घ्या.