पाठीला झटका देण्याआधी

आज बोलूया ओझी वाहणाऱ्या, दिवसभर वाकून राबणाऱ्या माणसांच्या पाठदुखीबद्दल.

वस्तीत कायरोप्रॅक्टिकचं मोफत शिबिर भरलं की रांग लागते. हाताने मणक्याला झटका देऊन सांधा मोकळा करायचा, अशी ही पद्धत. १८९५ साली अमेरिकेत डॅनियल पामर यांनी ती सुरू केली. साध्या कंबरदुखीत तिने काही जणांना आराम पडतो. योग्य व्यायामानेही साधारण तेवढाच पडतो.

पण प्रत्येक पाठदुखी साधी नसते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो, आणि क्षयरोगाचा भार गरिबांवरच जास्त पडतो. खोकला नसतानाही तो असू शकतो. आजाराने पोखरलेल्या मणक्याला झटका बसला, तर तो मोडू शकतो, पाय लुळे पडू शकतात.

म्हणून हात लावण्याआधी तुम्हाला हे विचारलं गेलंच पाहिजे: वजन घटतंय का? संध्याकाळी ताप येतो का? रात्री पडून राहिलं तरी दुखतं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर आधी सरकारी दवाखाना. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत; उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपयांची मदतही आहे. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

आणि काही न विचारताच कोणी झटका द्यायला निघालं, तर? सरळ उठून या. शिबिर फुकट असलं, तरी पाठ आपली आहे!