घरच्या कारचे ब्रेक कोण बघतं?

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, "घरच्या कारचं पासिंग दरवर्षी करावं लागतं का?" नाही ना! आपल्या एमएच २९ ची खासगी कार एकदा नोंदवली की फिटनेस थेट १५ वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी. काळी-पिवळीला मात्र गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. म्हणजे पुसदला नेणाऱ्या भाड्याच्या जीपचे ब्रेक तपासलेले, निदान कागदावर तरी. आणि बाबांच्या कारचे? पीयूसीचं नाव सांगू नका, तिथे फक्त धूर मोजतात. माझी गाडी १२ वर्षांची. काल मेकॅनिकने मागचं चाक खोललं, तर लायनर पार घासलेले. आणि रविवारी त्याच गाडीत आईला घेऊन घाट उतरलो होतो.