आवाजाला ‘चमक’ देणारा एक्सायटर नेमकं करतो तरी काय?

मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं गाणं अनेकदा दबलेलं वाटतं, जणू गायक पडद्याआडून गातोय. मग एडिटिंग ॲपमधला ‘एक्सायटर’ किंवा ‘एन्हान्सर’ सुरू केला की तोच आवाज एकदम खुलतो. ही जादू होते कशी?

१९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या ॲफेक्स कंपनीने ‘ऑरल एक्सायटर’ हे यंत्र आणलं. सुरुवातीला ते विकत मिळतच नसे! स्टुडिओ ते भाड्याने घेत आणि तयार रेकॉर्डिंगच्या दर मिनिटामागे ३० डॉलर मोजत.

साधा इक्वलायझर रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच कमी-जास्त करतो. बारीक, टोकदार आवाज मुळात टिपलाच गेला नसेल, तर ती पट्टी वाढवून फक्त खरखर वाढते. एक्सायटर मात्र नवे स्वर तयार करतो. तो आवाजाचा वरचा भाग वेगळा काढतो आणि त्यात मुद्दाम थोडी विकृती आणतो. त्यातून मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर, म्हणजेच हार्मोनिक्स निर्माण होतात. जसं, ३००० हर्ट्झपासून ६००० आणि ९००० हर्ट्झ. हे स्वर मूळ आवाजात चिमूटभर मिसळले की शब्द स्पष्ट वाटतात.

बास एन्हान्सरची युक्तीही अशीच आहे. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा खोल घुमारा नीट येत नाही. पण ८० हर्ट्झच्या स्वराचे २४० आणि ३२० हर्ट्झसारखे हार्मोनिक्स ऐकू आले, की न वाजलेला खालचा स्वर आपला मेंदूच भरून काढतो.

खरी मेख इथेच आहे. एक्सायटर हरवलेला आवाज परत आणत नाही, तो नवी भर घालतो. म्हणून आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट डिजिटल करत असाल, तर मूळ फाईल जशीच्या तशी जपा आणि प्रयोग कॉपीवर करा. आधी खरखर कमी करा, नाहीतर तीही चमकेल. ‘स’, ‘श’ कानाला टोचू लागले तर प्रमाण जास्त झालंय असं समजा.

कान या चमकीला पटकन सरावतात आणि मग आणखी हवीशी वाटते. त्यामुळे अधूनमधून इफेक्ट बंद करून, दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवून तुलना करा. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, पण तो चांगला असतोच असं नाही!