माहितीसत्ता आणि नागरिक (लेखांक ६) : दंड झाला, भरपाई कोणाला?

डिजिटल सेवांच्या संदर्भात संमती म्हणजे काय, याचा विचार मागील लेखांकात झाला. ती संमती दडपणाखाली घेतली गेली असे कायद्याच्या यंत्रणेलाच आढळून आले, तर ज्याच्याकडून ती घेतली त्या माणसाच्या पदरात नेमके काय पडते, हा या लेखांकाचा विषय आहे. व्हॉट्सअॅपच्या गोपनीयता धोरणावरून भारतात २०१६ पासून चाललेला वाद या दृष्टीने फार बोलका आहे. कारण या एकाच प्रकरणाशी उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, स्पर्धा आयोग, अपील न्यायाधिकरण आणि संसद या सर्वांचा संबंध आला, आणि तरीही ज्यांच्या माहितीवरून हा वाद उभा राहिला ते कोट्यवधी वापरकर्ते त्यात जवळजवळ कोठेच दिसत नाहीत.

हा वाद संदेशांच्या मजकुराचा नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. व्हॉट्सअॅपवरील मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनखेरीज अन्यत्र उलगडता येऊ नये अशा सांकेतिक रूपात प्रवास करतो, आणि कंपनी प्रत्येक व्यासपीठावर आपल्या बचावासाठी याच गोष्टीकडे बोट दाखवत आली आहे. प्रश्न आहे तो मजकुराभोवतीच्या माहितीचा, जिला तांत्रिक परिभाषेत मेटाडेटा म्हणतात. बंद पाकिटातील पत्र कोणी वाचले नाही, तरी पाकिटावरचे पत्ते आणि शिक्के टिपून ठेवणाऱ्याला दोन माणसांच्या संबंधांविषयी बरेच काही कळते, तसेच येथे घडते. फोन क्रमांक, फोनचा प्रकार, आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचा ओळखक्रमांक, व्यवहारांचा तपशील आणि कोणत्या व्यावसायिक खात्याशी वापरकर्त्याचा कसा संपर्क येतो याची नोंद, ही सर्व माहिती मूळ कंपनीच्या इतर सेवांना पुरवता येईल, असे धोरणातच लिहिलेले आहे. एखाद्या रुग्णालयाच्या किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेच्या व्यावसायिक खात्याशी झालेला संपर्क त्या माणसाच्या आजाराविषयी वा अडचणीविषयी काय सुचवतो, हे समजण्यासाठी संदेश वाचावा लागत नाही.

फेसबुकने व्हॉट्सअॅप विकत घेत असल्याचे फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केले, तेव्हा या सेवेच्या गोपनीयतेत फरक पडणार नाही असे आश्वासन वापरकर्त्यांना देण्यात आले होते. दोन्ही सेवांवरील खाती आपोआप विश्वासार्हपणे जुळवता येणार नाहीत, असेही फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते. ते सांगणे दिशाभूल करणारे होते असे ठरवून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. दरम्यान ऑगस्ट २०१६ मध्ये नवे धोरण आले होते. ज्यांना आपली माहिती फेसबुकच्या जाहिरातींसाठी वापरली जाऊ नये असे वाटत होते, त्यांना नकार नोंदवण्यासाठी ३० दिवसांची मुदत होती. दोन विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २५ सप्टेंबर २०१६ पर्यंतची माहिती वाटून घेऊ नये एवढा मर्यादित दिलासा त्यांना मिळाला. त्यापुढच्या माहितीला संरक्षण नव्हते, कारण गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे की नाही हाच प्रश्न तेव्हा अनिर्णित होता.

तो प्रश्न २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकालात काढला आणि गोपनीयता संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग ठरली. दिल्लीच्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयात आलेले व्हॉट्सअॅपविरुद्धचे अपील मात्र त्याच वर्षी पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवले गेले आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिले. हक्क मान्य होणे आणि तो बजावता येणे यांतील हे अंतर कोणाच्या फायद्याचे असते, हे सांगण्याची गरज नसावी : खटला चालू असताना माहितीचे संकलन एक दिवसही थांबत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१६ मध्ये नकाराची जी सोय होती ती नव्या धोरणात उरली नाही. अटी मान्य करा अन्यथा सेवा सोडा, असा त्याचा अर्थ होता. प्रथम ८ फेब्रुवारी आणि मग, जगभर गदारोळ झाल्यावर, १५ मे अशी मुदत देण्यात आली. युरोपीय संघातील वापरकर्त्यांवर जाहिरातींसाठी माहिती वाटण्याची अशी सक्ती नव्हती, कारण तेथे २०१८ पासून माहिती संरक्षणाचा कडक नियम लागू होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार भारतात या सेवेचे ५३ कोटी वापरकर्ते होते, आणि त्यांच्यासाठी असा कोणताही कायदा अस्तित्वात नव्हता. सेवा तीच आणि कंपनी तीच असताना माणसाची प्रतिष्ठा त्याच्या देशाच्या कायद्यावरून ठरावी, ही गोष्ट संतापजनक आहे. परंतु त्या संतापाचा निम्मा वाटा कायदा करण्यात हयगय करणाऱ्यांच्याही माथी मारावा लागतो.

याच काळातील एक तपशील विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. माहिती संरक्षणाचा कायदा येईपर्यंत अटी न स्वीकारणाऱ्यांची सेवा तोडणार नाही, अशी हमी कंपनीने मे २०२१ मध्ये केंद्र सरकारला पत्राने दिली होती. नकार देऊनही सेवा चालू राहते हे अर्थातच बहुसंख्य वापरकर्त्यांच्या कानावर आले नाही, आणि अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला असा आदेश द्यावा लागला की ही हमी कंपनीने पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत पानभर जाहिरातीद्वारे दोनदा प्रसिद्ध करावी. तोपर्यंत ज्यांनी नाइलाजाने होकार दिला होता, तो दिलेलाच राहिला.

प्रत्यक्ष कारवाई झाली ती गोपनीयतेच्या नव्हे, तर स्पर्धेच्या कायद्याखाली. बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर, म्हणजे ग्राहकाला दुसरीकडे जाणे अशक्यप्राय असल्याचा फायदा घेऊन त्याच्यावर अन्यायकारक अटी लादणे, हा २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम ४ खाली गैरप्रकार आहे. ज्या सेवेवर सर्व नातेवाईक, शाळा, गृहनिर्माण संस्था आणि दुकानदार आहेत ती एकट्याने सोडून चालत नाही, कारण सेवेचे मूल्य तिच्यावरील माणसांच्या संख्येतूनच निर्माण होते. अर्थशास्त्रात याला जाळ्याचा परिणाम म्हणतात. सेवा फुकट असली की किमतीवर स्पर्धा होत नाही, म्हणून गोपनीयतेत केलेली घट ही सेवेच्या दर्जातील घट होय, असा विचार भारतीय स्पर्धा आयोगाने मांडला आणि मार्च २०२१ मध्ये स्वतःहून चौकशीचा आदेश दिला. आयोगाला हा अधिकारच नाही, हा कंपनीचा आक्षेप उच्च न्यायालयात दोनदा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला.

अंतिम आदेश १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आला : २१३ कोटी १४ लाख रुपये दंड, आणि पाच वर्षे जाहिरातींसाठी माहिती वाटण्यास बंदी. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये बंदीला स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवून बंदी रद्द केली. वापरकर्त्याला नकाराचा पर्याय मिळणार असेल तर सरसकट बंदीची आवश्यकता राहत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. मूळ कंपनी मेटाचे (पूर्वीच्या फेसबुकचे) २०२४ मधील उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते, हे ध्यानात घेतले तर २१३ कोटींची रक्कम तिच्या दीड तासाच्या कमाईएवढीही भरत नाही.

आणि ही रक्कमही वापरकर्त्याकडे येत नाही. ती सरकारच्या तिजोरीत जमा होते. स्पर्धा अधिनियमात नुकसानभरपाईसाठी अपील न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची तरतूद आहे, परंतु अर्जदाराला आपले नुकसान सिद्ध करावे लागते. आपल्या फोनचा आयपी पत्ता आणि व्यावसायिक खात्यांशी असलेला आपला संपर्क परस्पर वापरला गेला, याचे रुपयांतील मोल ठाणे किंवा लातूर येथील एखाद्या शिक्षिकेने न्यायाधिकरणापुढे कोणत्या कागदाने दाखवावे? हानी सर्वांची मिळून प्रचंड आणि प्रत्येकाची सुटी सुटी नगण्य, अशा स्वरूपाच्या अन्यायापुढे वैयक्तिक नुकसान मोजणारा कायदा दुबळा पडतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, तोही भारताच्या एकत्रित निधीत जाणारा. तक्रारदाराने आधी कंपनीच्याच तक्रार यंत्रणेकडे जायचे, मग केंद्र सरकारने नेमलेल्या मंडळाकडे. आणि तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड त्यालाच होऊ शकतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-अ याच नव्या माहिती संरक्षण कायद्याने वगळले जाणार आहे. संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या संस्थेने बाधित व्यक्तीला भरपाई द्यावी, असे ते कलम सांगते. त्याची व्याप्ती अरुंद होती आणि व्हॉट्सअॅपसारख्या प्रकरणात त्याचा उपयोग झाला असता असे म्हणता येत नाही. पण राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे, वकिलांची फौज न बाळगता, नागरिकाला ५ कोटी रुपयांपर्यंतचा दावा मांडण्याची वाट माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने खुली केली होती, आणि २०१३ मध्ये महाराष्ट्रात याच यंत्रणेने ऑनलाइन फसवणुकीत सापडलेल्या पुण्यातील एका उद्योगाला बँकेकडून ४५ लाख रुपये देवविले होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, ज्यांना महाराष्ट्र मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे ओळखतो, यांच्या समितीने २०१८ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात बाधित व्यक्तीला भरपाई मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत होता. २०१९ च्या विधेयकातही तो टिकला. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, आणि त्यानंतर आलेल्या मसुद्यात व पुढे मंजूर झालेल्या अधिनियमात तो हक्क नाही.