पहिल्या पर्यायाची भीती

"सर, सीओईपी पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर वालचंदही हातचं जाईल ना?"

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांचे, दिवस आले की हा प्रश्न ठरलेला. पालक दरवर्षी नवे, प्रश्न मात्र तोच. गेल्या वर्षी एक वडील नेट कॅफेतून कट-ऑफची जाडजूड चळत छापून घेऊन आले. प्रत्येक कॉलेजपुढे मुलीचे पर्सेंटाइल आणि आदल्या वर्षीचा कट-ऑफ यांतला फरक पेन्सिलीने मांडलेला. एवढी मेहनत करून यादी लावली होती ती उलटी! जे कॉलेज नक्की मिळणार ते पहिलं, आणि मुलीला मनापासून हवं होतं ते सातवं. "आधी खात्रीचं, मग नशिबाचं," असा त्यांचा हिशेब.

गैरसमज: आवाक्याबाहेरचं कॉलेज वर टाकलं, तर खालच्या कॉलेजातली संधी कमी होते.

वस्तुस्थिती: अजिबात होत नाही. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होतं, आणि तुम्ही कोणाला कितवी पसंती दिली हे कॉलेज बघतही नाही. समजा, मुलीचा क्रमांक ९,००० आहे. तिच्या पुढच्या ८,९९९ जणांचा विचार झाला की तिची यादी उघडते. पहिल्या पर्यायात जागा आहे? नाही. दुसऱ्यात? नाही. तिसऱ्यात? आहे. तिथे तिचं नाव लागतं. ९,००१ क्रमांकाच्या मुलाने तेच कॉलेज पहिलं टाकलं असलं, तरी त्याची पाळी तिच्यानंतरच येते. आरक्षणाच्या आणि होम युनिव्हर्सिटीच्या जागांमुळे हिशेबाचे टप्पे वाढतात, पण तत्त्व हेच राहतं. न मिळणारा पर्याय वर लिहिला म्हणून काहीही कापलं जात नाही.

उलट, घाबरून लावलेल्या यादीनेच नुकसान होतं. २०२५-२६ च्या प्रवेशाचे नियम पाहा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर तो बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला, तर तोही बंधनकारक. घ्यायचा नसेल, तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे 'खात्रीचं' म्हणून पहिलं टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत गळ्यात पडतं, आणि हव्या असलेल्या कॉलेजचा विचारही होत नाही. त्याआधीच्या वर्षी एका मुलाचं असंच झालं. तो माझ्याकडे आला तेव्हा प्रवेश पक्का झाला होता. त्याला हवं असलेलं कॉलेज त्याच्याच प्रवर्गात, त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलला बंद झालं होतं. ती कट-ऑफची यादी बघताना त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही.

ही भीती येते कुठून? बहुधा अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातून. तिथे पहिली पसंती मिळाली की घ्यावीच लागते. त्या अनुभवातून 'पहिला नंबर जपून' एवढंच डोक्यात राहतं. पण जपून म्हणजे सोपं कॉलेज लिहायचं असं नाही. जे मिळालं तर दुसरं काही नको, ते पहिलं लिहायचं.

अशा वाटपाचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडलं. शॅप्ली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी शाळांत २००५ पर्यंत पहिल्या पसंतीला खरोखर जादा वजन होतं. तिथल्या पालकांची भीती रास्त होती, म्हणून ती पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे गुणवत्ता क्रमांक चालतो. मग बॉस्टनची जुनी भीती आपण का बाळगायची?

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"कट-ऑफ कॉलेज ठरवतं." नाही. त्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचं ते पर्सेंटाइल असतं, आणि दरवर्षी बदलतं.

"९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण." नाही. शंभरातले नव्वद परीक्षार्थी तुमच्याइतक्या किंवा तुमच्याहून कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

"कट-ऑफचा एक आकडा बघितला की झालं." प्रवर्गाच्या संकेतातली अक्षरंही वाचा. सुरुवातीचं 'एल' मुलींच्या राखीव जागांसाठी असतं. शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्याबाहेरची, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा.

"उत्पन्न कमी असलं की फी माफीची जागा आपोआप मिळते." नाही. या जागांचा, म्हणजे टीएफडब्ल्यूएसचा, चॉइस कोड वेगळा असतो. तो यादीत स्वतंत्र भरावा लागतो.

"नॅकची श्रेणी चांगली म्हणजे प्रत्येक शाखा चांगली." नॅक संस्था तपासतं. शाखेसाठी एनबीएचं मानांकन बघा.

"बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय, मागितलं की हातातली जागा जाते." वरचा पर्याय मिळाला तरच आधीची जागा सुटते, नाहीतर ती राहते. वरचा मिळाला की मात्र मागे फिरता येत नाही, म्हणून नको असलेलं नाव यादीत वर ठेवू नका.

त्या वडिलांची यादी फिरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. क्रम मुलीनेच सांगितला, मी फक्त लिहून घेतला. तिला चौथा पर्याय मिळाला. जुन्या यादीप्रमाणे तिला त्याच फेरीत पहिलं, म्हणजे त्या वडिलांचं 'खात्रीचं' कॉलेज मिळालं असतं, आणि तिथेच थांबावं लागलं असतं.

पालकांनो, फॉर्म लॉक करण्याआधी त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कारण नियम दरवर्षी बदलू शकतात. मग मुलाला शेजारी बसवा आणि एकच विचारा: ही दोन्ही कॉलेजं मिळत असतील, तर तू कुठे जाशील? जे उत्तर येईल, ते वर लिहा.