व्यापारी इमारतींच्या दर्शनी भागाची स्वच्छता

मुंबईच्या कोट विभागातील जुन्या पेढ्यांच्या इमारतींकडे मान वर करून पाहिले, तर एक विसंगती लक्षात येते. सज्जांच्या व कंगोऱ्यांच्या खालचा, पावसापासून सुरक्षित असलेला भाग काळा पडलेला असतो. पावसाचे सपकारे ज्यावर सरळ बसतात, तो भाग मात्र पुष्कळदा उजळ दिसतो. हा काळा थर म्हणजे नुसती साचलेली धूळ नव्हे. तो दगडाच्याच द्रव्यातून तयार झालेला असतो.

ह्यांपैकी कित्येक इमारतींत भिंतींसाठी काळा बेसाल्ट व नक्षीकामासाठी पोरबंदरचा चुनखडक वापरलेला आहे. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कोळसा व खनिज तेल जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूपासून दमट हवेत गंधकाम्ल बनते आणि ते दगडाच्या पृष्ठभागाचे जिप्सममध्ये रूपांतर करते. जिप्समचे स्फटिक वाढताना काजळीचे कण त्यांत अडकतात. उघड्या भागावरील जिप्सम पाऊस धुऊन नेतो. तेथील दगड उजळ राहतो खरा, परंतु नक्षीची धार बोथट होत जाते.

ह्यातच उपायही दडलेला आहे. एक लिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम जिप्सम विरघळते. चुनखडक मात्र त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाही विरघळत नाही. म्हणून पाण्याचे बारीक तुषार काही तास सोडले, की जिप्समचा थर सैल होतो, काजळी सुटते व मऊ कुंचल्याने ती निघते. पाणी अर्थातच बेताने वापरावे लागते. ते सांध्यांतून आत शिरले, तर दगड बांधून धरणारे लोखंडी आकडे गंजतात, गंजाने फुगतात आणि दगडाला तडे जातात.

घाई असली, की कामगाराच्या हाती हायड्रोक्लोरिक आम्लाची बादली येते. बेसाल्टवर त्याचा दुष्परिणाम चटकन दिसत नाही. त्यामुळे हात निर्धास्तपणे शेजारच्या नक्षीकडे वळतो. तेथे आम्ल फसफसते, आणि काजळीबरोबर दगडही वाहून जातो. मागे उरलेले कॅल्शियम क्लोराइड दगडाच्या छिद्रांत राहून हवेतील ओलावा ओढत राहते. निखळलेल्या एखाद्या कपचीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकून पाहिला असता, तर दगडाची जात तेव्हाच कळली असती.

पावसाळ्यात पाणी जेथून ओघळते, तेथील काळे-हिरवे पट्टे निराळे. ते नीलहरित शैवालाचे असून उन्हाळ्यात वाळून काळे दिसतात. पाण्याच्या तुषारांनी ते उलट पोसतात. वाळल्यावर ते घासून काढावेत. पण गळकी पन्हळ दुरुस्त केल्यावाचून ते कायमचे जात नाहीत.

वाळूचा मारा करून सफाई करण्याचीही एक रीत आहे. तिने विटेची भाजलेली टणक कातडी सोलली जाते, आणि उडणारी बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसांत सिलिकोसिस उत्पन्न करू शकते.

दगडाच्या जागी काच व धातू आल्यावर प्रश्न बदलले. १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे लीव्हर हाऊस ही २४ मजल्यांची काचेची इमारत उभी राहिली. तिच्या खिडक्या उघडत नसल्यामुळे, काचा बाहेरून पुसण्यासाठी गच्चीवरील रुळांवर फिरणारा टांगता पाळणा बसविण्यात आला. कचेरी साबणाच्या कंपनीचीच होती, हा योगायोग गमतीचा खरा. अशा अनेक इमारतींत काचेच्या चौकटी अल्युमिनियमच्या असतात. ह्या धातूवरील ऑक्साइडचा संरक्षक थर तीव्र अल्कलीने खाल्ला जातो. कॉस्टिक सोडा तर दूरच राहो, वरच्या मजल्यावरील ओल्या सिमेंटचे पाणी चौकटीवर ओघळले तरी डाग पडतो; ते वाळण्यापूर्वीच साध्या पाण्याने धुऊन काढावे लागते.